घर एक, कर्जे दोन : फाइल नेमकी कुठे अडली आहे?

प्रश्न : जळगाव शहरातील आमच्या घरावर एका बँकेचे गृहकर्ज असून त्यापैकी सुमारे १३ लाख रुपये अद्याप फिटायचे आहेत. घराची आजची किंमत ५५ लाखांच्या आसपास होईल. धाकट्या भावाबरोबर रावेरजवळ केळी पिकवण्याचे रायपनिंग चेंबर उभारायचे ठरल्याने याच घराच्या तारणावर १५ लाखांचे दुसरे कर्ज मिळावे, असा अर्ज मी अडीच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका वित्तसंस्थेकडे केला. त्यांनी प्रोसेसिंग फी घेतली, त्यांचे लोक घर पाहून गेले. त्यानंतर मात्र “फाइल वर गेली आहे” यापलीकडे उत्तर मिळत नाही. यंत्रे देणाऱ्याला दीड लाख रुपये आगाऊ देऊन बसलो आहे. आता तिसरीकडे अर्ज करावा, की ओळखीच्या एका गृहस्थाकडून महिना ३ टक्क्यांनी पैसे घेऊन काम सुरू करावे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपली फाइल वर गेली असेलही, परंतु दुसऱ्या तारणाची फाइल बहुतेक वेळा अडते ती बाजूला, म्हणजे आपल्या जुन्या बँकेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४८ प्रमाणे एकाच मालमत्तेवर आधी निर्माण झालेला हक्क नंतरच्या हक्कापुढे चालतो. म्हणून उद्या घर विकून वसुली करण्याची वेळ आली, तर आधी पहिल्या बँकेचे सर्व येणे फिटेल आणि उरेल त्यातून दुसऱ्याचे. शिवाय खरेदीखताची मूळ प्रत पहिल्या बँकेच्या तिजोरीत आहे. त्यामुळे नवी वित्तसंस्था त्या बँकेकडून एक पत्र मागते : दुसऱ्या तारणास आमची हरकत नाही, आज एवढी बाकी आहे, अमुक कागद आमच्या ताब्यात आहेत आणि कर्ज फिटल्यावर ते परस्पर तुमच्या स्वाधीन करू. या पत्रात जुन्या बँकेचा काडीचाही लाभ नसतो आणि अनेक ठिकाणी ते देण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्याला नसल्याने ते विभागीय कार्यालयाकडे जाते. कोणाच्याच घाईचे नसलेले काम कोणत्या गतीने होते, हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा पहिले काम असे करावे की, दोन्हीकडे लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. नव्या संस्थेला विचारावे की वकिलांचा शोध अहवाल (मालकी आणि बोजे तपासल्याचा), मूल्यांकन, जुन्या बँकेचा ना-हरकत दाखला आणि मंजुरी यांपैकी काय झाले आणि काय राहिले. जुन्या बँकेला विचारावे की दाखल्याची मागणी मुळात तिच्याकडे पोहोचली आहे काय. तो दाखला संस्थेने बँकेकडे मागायचा की आपण, याचाच उलगडा न झाल्याने महिना-महिना गेलेली प्रकरणे आमच्याकडे नेहमी येतात. मूल्यांकनातही एक नेहमीची मेख असते. मंजूर नकाशात नसलेली एखादी खोली वरच्या मजल्यावर नंतर चढवली असेल, तर मूल्यांकन करणारा ती नोंदवतो आणि फाइल मुकाट्याने बाजूला पडते. तसे काही असल्यास आपणच ते आधी सांगावे.

उशिराचा आणखी एक जाच असा की तो स्वतःच पुढचा उशीर जन्माला घालतो. बाकी रकमेचे पत्र, मूल्यांकन आणि सिबिलचा अहवाल ही सारी कागदपत्रे काही काळाने जुनी ठरतात आणि पुन्हा मागवली जातात. या काळात गृहकर्जाचा एकही हप्ता चुकू देऊ नये, आणि तिसरीकडे अर्जही करू नये. प्रत्येक नव्या अर्जाची चौकशी पतअहवालात नोंदली जाते, आणि तिसरी संस्था जुन्या बँकेचे तेच पत्र नव्याने मागणार आहे.

आपल्या जागी मी एक वेगळी वाट आधी तपासून पाहिली असती. आपल्या जुन्याच बँकेकडे टॉप-अप (चालू गृहकर्जावरच वाढीव रक्कम) किंवा मालमत्ता तारण कर्ज मागितल्यास कागद तिच्याच तिजोरीत असल्याने ना-हरकत दाखल्याचा प्रश्नच उरत नाही. तिने नकार दिला, तर सगळेच कर्ज नव्या संस्थेकडे नेता येते, म्हणजे तिने जुने १३ लाख फेडून वर १५ लाख द्यायचे. खाते असे हलवण्याची विनंती आल्यावर संमती किंवा हरकत २१ दिवसांत कळवावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत आणि पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. मात्र धंद्यासाठीच्या रकमेवर व्याजदर गृहकर्जाहून वेगळा लागू शकतो, तो आकडा आधी लेखी घ्यावा.

महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पाच लाख घेतले तर महिन्याला १५ हजार केवळ व्याज, तेही चेंबरमध्ये केळीचे पहिले खोके ठेवण्याआधी. शिवाय सावकारीचा व्यवसाय करणाऱ्याकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खालील परवाना लागतो. ही वाट नको. त्याऐवजी यंत्रवाल्याकडून मुदतवाढ लेखी घ्यावी आणि कर्ज न मिळाल्यास आगाऊ रकमेपैकी किती परत मिळेल, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. नवी तारीख ठरवताना एक ध्यानात असू द्यावे की मंजुरीपत्र हाती आले म्हणजे पैसे आले असे नव्हे. करारनामा, मुद्रांक, दुय्यम निबंधकाकडील तारणाची सूचना आणि ‘सेरसाई’ या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतील नोंद यांत आणखी दिवस जातात.

लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. संस्था गृहवित्त कंपनी असल्यास ही तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. कर्ज द्याच, असा आदेश तेथून मिळणार नाही, कारण तो संस्थेचा व्यावसायिक निर्णय आहे. दिरंगाईचा जाब मात्र विचारला जातो.

प्रश्न : यावल तालुक्यातील बिनशेती प्लॉटवरील घराच्या तारणावर दुसरे कर्ज मागितले असता, सातबाऱ्यावर वडिलांच्या नावे विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा असल्याचे कारण सांगून फाइल थांबवली आहे. ते पीककर्ज आठ वर्षांपूर्वीच फिटले आहे.
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : कर्ज फिटले तरी ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंद आपोआप उतरत नाही. सोसायटीकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही येणे बाकी नसल्याचा दाखला, घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. ‘ई-हक्क’ या ऑनलाइन प्रणालीतूनही तो करता येतो. फेरफाराच्या नोटिशीचे १५ दिवस गृहीत धरावेत. वडील हयात नसतील तर वारस नोंद झाली आहे की नाही, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. फेरफार प्रमाणित झाल्यावर डिजिटल स्वाक्षरीचा नवा सातबारा काढून तो थेट संस्थेच्या वकिलांकडे द्यावा आणि जुन्या उताऱ्यावरून शोध अहवाल आधीच लिहिला गेला असेल, तर त्यांच्याकडून पुरवणी अहवाल मागून घ्यावा.