कितव्या मेझरमध्ये?

प्रिय मुली,

तुझा मेल रात्रीच वाचला होता, पण उत्तर सकाळी लिहायला घेतलं. रात्री लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच आल्या असत्या.

तू ब्राम्सचा सोनाटा वाजवलास आणि मास्टरक्लास (सगळ्यांसमोर दिला जाणारा धडा) घेणारे गृहस्थ म्हणाले, "सगळं अगदी निर्दोष आहे, पण तुझ्या संस्कृतीतली सतारीची लवचीकता इथे का नाही येत?" समोरची मंडळी हसली. तू पुण्यातली, लहानपणापासून हातात व्हायोलिन, घरात सतार कधी आलीच नाही. आणि आता मला विचारतेस, "मावशी, ही टीका समजायची की अपमान?"

मी एक साधी कसोटी लावते. कुणी काही म्हटलं की विचारायचं, कितव्या मेझरमध्ये? (मेझर म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला तुकडा.) मेझर दाखवून, फ्रेझ (संगीतातलं वाक्य) कुठे तुटली ते दाखवून जो बोलतो, त्याचं सगळं ऐक. तो कितीही खडूस असो, त्याच्याकडून शिकायला मिळतं. ज्याला मेझर सांगता येत नाही आणि जो तुझ्या चेहऱ्यापासून सुरुवात करतो, तो तुझं वाजवणं ऐकतच नव्हता. हा प्रश्न तोंडानेही विचार, नम्रपणे, पेन्सिल हातात घेऊन: "कुठल्या मेझरपासून वेगळं करू, सर?" एकतर खरं काहीतरी शिकवतील किंवा चाचपडतील. सभागृहाला दोन्ही दिसतं.

तुझ्यासोबत घडलं ते नवं नाही. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीत शिक्षणसंस्थेच्या एका ऑनलाइन मास्टरक्लासमध्ये प्रसिद्ध व्हायोलिनवादक पिंकस झुकरमन यांनी दोन बहिणींना सांगितलं की तुमचं वादन जरा जास्तच परिपूर्ण आहे, त्यात थोडं व्हिनेगर घाला, नाहीतर सोया सॉस. मग म्हणाले, कोरियात लोक गात नाहीत. मुलगी म्हणाली, आम्ही कोरियन नाही, अर्ध्या जपानी आहोत. तर जपानमध्येही गात नाहीत म्हणे! पुढे, कोरियन लोकांच्या डीएनएमध्येच गाणं नाही, इथवर गाडी गेली. नंतर त्यांनी माफी मागितली, संस्थेनेही ते बोलणं अपमानास्पद असल्याचं म्हटलं. पण बघ, ज्या देशात पानसोरी या पारंपरिक कथागायनाचा एकटा गायक एका ढोलकवाल्याच्या साथीने तासन् तास कथा गातो, जिथून सुमी जो आणि हे-क्युंग हाँग या ऑपेरा गायिका आल्या, त्या देशाबद्दल हे बोलणं. इतका मोठा वादक असं बोलतो तेव्हा वादक म्हणून तो छोटा होत नाही, ही खरी पंचाईत आहे. त्याची व्हायोलिन अजूनही सुंदरच वाजते. तू त्याच्या रेकॉर्डिंग्ज ऐक आणि हे वाक्यही विसरू नकोस.

जेवणावरून ओळखण्याची ही खोडही जुनीच. १९६३ मध्ये क्यू साकामोतो या जपानी गायकाचं गाणं अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. मूळ गाणं अश्रू ओघळू नयेत म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं. इकडे ते विकलं गेलं 'सुकियाकी' या नावाने, म्हणजे बीफच्या एका रश्श्याच्या नावाने. गाण्यात रस्सा कुठेच नाही. उद्या कुणी आपल्या भैरवीला 'मिसळ' म्हणून विकावं, तसं.

मला काळजी वाटते ती पुढची. 'तंत्र आहे, भावना नाही' हे वाक्य कोरियन, चिनी, जपानी मुलांना इतक्यांदा ऐकवलं जातं की शेवटी ते त्यांच्या स्वतःच्या कानात शिरतं. मग मूल त्या वाक्याला बोने, म्हणजे व्हायोलिनच्या गजाने, उत्तर द्यायला लागतं. व्हायब्रेटो (सुराचं कंपन) गरजेपेक्षा रुंद होतो. प्रत्येक फ्रेझच्या शेवटी अंग झुलतं, भुवया चढतात, जिथे संगीतकाराने काही लिहिलेलं नाही तिथे रुबाटो (लय मुद्दाम मागेपुढे करणं) येतो. भावना दाखवायची म्हणून दाखवली जाते. चांगले शिक्षक हे ओळखतात आणि मग म्हणतात, हे कृत्रिम आहे. म्हणजे दोन्हीकडून मार. मी अशी हुशार मुलं पाहिली आहेत ज्यांना स्वतःचा मूळ आवाज परत मिळवायला वर्षं लागली. तुझ्याकडून मला एवढंच हवंय की पुढचे काही दिवस तो सोनाटा आरशासमोर वाजवू नकोस. फक्त रेकॉर्ड कर आणि डोळे मिटून ऐक. जिथे सुराला काही म्हणायचंय तिथे तो म्हणतो का, एवढंच बघ.

आपल्या वाट्याला येणारं थोडं वेगळं असतं. पूर्व आशियाई मूल यंत्र ठरतं, आपण ठरतो अध्यात्म. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं जुळवली आणि हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकर शांतपणे म्हणाले की सूर जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. ते अज्ञान होतं, द्वेष नव्हता, आणि त्यांनी त्याला तेवढंच उत्तर दिलं. अज्ञानाला हसून निभावून नेता येतं. कार्यक्रमानंतरच्या रिसेप्शनमध्ये काळा ड्रेस बघून माझ्या हातात रिकामे ग्लास देणारे लोक मला अनेकदा भेटले आहेत. मी ग्लास घेते, शेजारच्या टेबलवर ठेवते आणि विचारते, "दुसरी मूव्हमेंट कशी वाटली?"

आता व्यवहाराचं. ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा असतो, पावलांचा आवाज येऊ नये म्हणून गालिचाही घालतात. त्या पडद्याआड तू फक्त आवाज असतेस, आणि म्हणूनच आपली मुलं आत आली. २०१४ च्या आकडेवारीत अमेरिकन ऑर्केस्ट्रांमधले सुमारे नऊ टक्के वादक आशियाई वंशाचे होते. (काळे वादक दोन टक्क्यांहूनही कमी. आपली तक्रार मांडताना हे ध्यानात असू दे.) पण बऱ्याच ठिकाणी शेवटच्या फेरीला पडदा निघतो आणि नोकरी लागली तरी टेन्युअरपर्यंतचा (नोकरी कायम होईपर्यंतचा) काळ उघड्यावरच काढायचा असतो. ऑडिशनला जाण्याआधी विचारून घे, पडदा शेवटपर्यंत आहे का. विचारण्यात काही गैर नाही. आणि झुबिन मेहता १९६२ पासून १९९१ पर्यंत आधी लॉस एंजेलिस, मग न्यूयॉर्कचा ऑर्केस्ट्रा सांभाळून होते, जपानी कंडक्टर सेइजी ओझावा १९७३ ते २००२ बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राला होते, म्हणून आता सगळं खुलं आहे असं कुणी सांगितलं तर मान हलव आणि विषय बदल. एका माणसाला पोडियमवर, कंडक्टरच्या जागी, उभं करणं सोपं असतं.

झालेला प्रकार आजच लिहून ठेव: तारीख, नेमके शब्द, कोण हजर होतं. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरव. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना वंशावरून भेदभाव करायला मनाई करतं. तुझ्या विद्यापीठात ऑम्बड्समन (तक्रारी ऐकणारा तटस्थ अधिकारी) असेल तर आधी तिथे जा, नाव गुप्त ठेवून बोलता येतं का ते विचार. मात्र तक्रार केली नाहीस तर तू भित्री ठरत नाहीस. पोर्टलंडच्या 'द स्लँट्स' या आशियाई-अमेरिकन बँडने तिरप्या डोळ्यांवरून दिली जाणारी शिवीच स्वतःचं नाव म्हणून घेतली. ट्रेडमार्क कार्यालयाने ते अपमानास्पद म्हणून नाकारलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जून २०१७ मध्ये सगळे आठ न्यायमूर्ती त्यांच्या बाजूने उभे राहिले. मजा म्हणजे त्या निकालाचा फायदा तेव्हा मूळनिवासींना हिणवणारं नाव लावणाऱ्या वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघालाही झाला. इतकी वर्षं लढायचं की त्या वेळात शूमानचं संगीत बसवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणखी एक, जे तुला आवडणार नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीत आईबाप सहज बोलतात की "ती चिनी मुलं म्हणजे मशीन गं." ईशान्येच्या मुलांना पुण्या-मुंबईत काय म्हणतात तेही तुला माहीत आहे. तुझी स्टँड पार्टनर (ऑर्केस्ट्रात एकाच स्टँडवरून वाजवणारी जोडीदार) कोरियन आहे असं लिहिलंयस. हे सगळं तिला सांग, तिचंही ऐक. मास्टरक्लासमध्ये हसणाऱ्यांत ती होती की नव्हती, हे तू लिहिलं नाहीस. मला वाटतं, नसावी.

ऑडिशनची यादी बघितली. श्ट्राउसच्या 'डॉन जुआन'चं पहिलं पान तू घाईत वाजवतेस, मेट्रोनोमचा वेग कमी कर. शूमानच्या दुसऱ्या सिंफनीचं स्केर्झो (जलद मूव्हमेंट) आधी हळू रेकॉर्ड करून पाठव, मग खऱ्या लयीत. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, मेझरचे आकडे समोर घेऊन फोनवर बसू.

तुझी,
मावशी