आधी खरं ते सांग

प्रिय बाळा, सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. पप्पांना लकवा मारल्यापासून रात्रीचं सगळं तुझ्याकडे, दिवसा कंपनी, आणि परवा पहाटे ओली चादर बदलताना तू त्यांच्यावर ओरडलास. मग हे चर्चच्या तरुण संघात सांगितलंस तर तिथे एकाने ऐकवलं की मनात राग राहतो म्हणजे विश्वासात खोट आहे, स्तुती कर, आनंदी राहा, लोकांसमोरची आपल्या विश्वासाची साक्ष बिघडवू नकोस. आणि आता तुला प्रार्थनाच करवत नाही, तोंड उघडलं की आपण खोटं बोलतोय असं वाटतं.

हे शेवटचं तू अगदी लाजत लाजत लिहिलंयस, पण मला तेच वाचून बरं वाटलं. खोटी प्रार्थना तुझ्या घशाखाली उतरत नाहीये ना, मग उतरवू नकोस. देवाला आधी खरं ते सांग. "प्रभू मी थकलोय, मला पप्पांचा राग येतो, कधीकधी तुझाही येतो." एवढीच प्रार्थना आज पुरे. पुढचं पुढे.

बायबलमधल्या ईयोबाची, काही चूक नसताना ज्याच्यावर संकटं कोसळली त्या माणसाची गोष्ट संडे स्कूलमध्ये तुला मीच शिकवलीय, पण लहान पोरांना आपण सुरुवात आणि शेवटच सांगतो, मधली चाळीसेक प्रकरणं गाळतो. त्या मधल्या प्रकरणांत तो माणूस जन्मल्या दिवसाला शिव्याशाप देतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. त्याचे मित्र सात दिवस गप्प जमिनीवर बसले तेवढंच त्यांचं बरोबर झालं, तोंड उघडल्यावर सगळे उपदेश करत सुटले, तुझंच काहीतरी चुकलं असणार, पाप कबूल कर. आणि शेवटी देव कोणावर चिडतो? त्या मित्रांवर! म्हणतो, ईयोब माझ्याबद्दल जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. तक्रार करणारा नीट बोलला. हे बेचाळिसाव्या प्रकरणात आहे, तुझ्या त्या मित्राला दाखव, किंवा राहू दे, वाद घालायची तुझ्यात ताकद नाहीये आत्ता.

बायबलमधलीच हन्ना, मूल होत नाही म्हणून मंदिरात तळमळून रडत मनातल्या मनात प्रार्थना करत होती, नुसते ओठ हलताना बघून एली याजकाला वाटलं बाई पिऊन आलीय. याजकाला! म्हणजे चर्चमधल्या जाणत्या माणसाला सुद्धा खरी प्रार्थना समोर चालू असताना ओळखू येत नाही. ती मात्र गप्प बसली नाही, मी प्यायलेली नाही, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. मला ही बाई फार आवडते.

तुझे काका, म्हणजे आमचे हे, डायलिसिसवर होते ते तुला आठवत असेल, आठवड्यातून तीनदा जावं लागायचं. ते गेल्यावर मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, उपकारस्तुतीच्या सभेत मला सांगितलं गेलं, उठा, प्रभूने कसं सांत्वन केलं त्याची साक्ष द्या. मी उठले नाही. सांत्वन झालंच नव्हतं तर काय सांगू? त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली, बाई कडक झाली, बाईचा विश्वास डळमळला. अरे, त्याच दिवसांत मी रोज रात्री अंथरुणात देवाशी भांडत होते, आणि भांडायला तो समोर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं म्हणूनच भांडत होते ना! आजही तीच वेळ आली तर मी बसूनच राहीन. हळहळ वाटते ती वेगळीच. ते हयात असताना मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, बादली भरून वाहायची तरी नळ बंद करायचे नाही, त्यांना कळू नये म्हणून. पलीकडच्या खोलीत पडून त्यांना कळत असणारच. दोघं मिळून रडलो असतो तर बरं झालं असतं.

लोक बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ते वचन फेकतात, चिंता करू नका, आणि तिथेच थांबतात. पुढे वाच ना! तुमच्या मागण्या देवाला कळवा असं आहे तिथे. काय बोचतंय ते सांगायचंय, गिळायचं नाही. आणि हे प्रेषित पौल तुरुंगातून लिहितोय. स्तोत्र 88 बघ, इतर रडगाण्यांच्या शेवटी निदान आशेची एखादी ओळ येते, याचा शेवट अंधारातच होतो. तरी ते आपल्या शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव आपल्याकडे उठसूट घेतात. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ 1880 ला, नवरा 1882 ला, कडेवर तान्ही मनोरमा, आणि तीच मनोरमा 1921 ला आईच्या आधी गेली. या बाईने इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर सुद्धा तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून कडकडून वाद घातला, पटलं नाही ते पटलं नाही म्हणाली. आणि तीच बाई केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभं करते, मूळ भाषा शिकून आख्खं बायबल मराठीत आणते. गोड गोड बोलून नाही झालं ते.

पण एक गोष्ट नीट ऐक. राग देवाकडे ने म्हणतेय मी, पप्पांवर काढ म्हणत नाही. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. आजच त्यांच्याजवळ बसून सॉरी म्हण, आणि त्यांनाही खरं ते सांग, पप्पा मी दमलो होतो. कारणं देत बसू नकोस.

आणि झोप! एलीया संदेष्टा झाडाखाली पडून म्हणाला, प्रभू आता मला मारून टाक, तर देवदूताने त्याला वचन ऐकवलं नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातलं. तू किती दिवस सलग झोपलेला नाहीस? डॉक्टरकडे जा, मन थाऱ्यावर नाही असं स्पष्ट सांग, त्यांनी गोळी दिली तर घे. त्याने विश्वास कमी होत नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

मम्मीला मी फोन करते, तू मध्ये पडू नकोस. आठवड्यातल्या दोन रात्री पप्पांजवळ दुसरं कोणीतरी बसायला हवं, मंडळीत धडधाकट माणसं काय कमी आहेत का, प्रार्थना करू म्हणणाऱ्यांनी एक रात्र जागावं. शनिवारी मी स्वतः येते, चादरी कुठे ठेवल्यात तेवढं दाखव आणि जाऊन झोप.

तुझी,
संडे स्कूलच्या बाई