'काळच तसा होता' चालणार नाही

प्रश्न : बाई, नमस्कार. मुलगा नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत 'माझा आवडता राष्ट्रपुरुष' म्हणून अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यावर बोलणार आहे. भाषण पाठ झालंय. परवा त्याचे काका म्हणाले, "अरे, त्याच्याकडं गुलाम होते की!" तेव्हापासून पोरगा गप्प आहे. तेवढं गाळून बोलला तर चालेल, की माणूसच बदलू?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बदलू नका आणि गाळूही नका. काका कमीच बोलले. 'सर्व माणसं समान जन्मतात' असं १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या मालकीची आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं होती. व्हर्जिनियात माँटिसेलो नावाच्या डोंगरावर त्याचं घर होतं, तिथंच खिळ्यांचा कारखाना. दहा-बारा वर्षांची गुलाम पोरं दिवसभर हातोडी चालवायची. कुणाला किती लोखंड दिलं, खिळे किती झाले, वाया किती गेलं, हे साहेब स्वतः वहीत मांडत. उद्यमनगरची ठोकठोक ऐकत वाढलेल्या पोराला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

'काळच तसा होता' हे वाक्य मात्र नको. मी स्वतः वर्गात ते वीस वर्षं वापरलं, आता लाज वाटते. त्याच व्हर्जिनियात १७८२ पासून मालकाला गुलाम मुक्त करायची कायद्यानं मुभा होती. १७९१ मध्ये रॉबर्ट कार्टर या जमीनदारानं साडेचारशेवर माणसं सोडायचा दस्त केला. जेफरसनला कळत नव्हतं असंही नाही. देव न्यायी आहे हे आठवलं की देशाच्या काळजीनं थरकाप होतो, असं गुलामगिरीबद्दल त्यानंच लिहून ठेवलंय. कळत होतं, पण डोक्यावर कर्ज होतं, उंची वाइन सुटत नव्हती, घराचं बांधकाम संपत नव्हतं.

माझे आजोबा सत्यशोधक जलशांना मैलोन् मैल चालत जायचे. आमच्या परड्यातल्या कोनाड्यात कामाच्या मावशींसाठी वेगळा, चेपलेला जर्मनचा पेला असायचा. तो कुणी ठेवला, हे मी आजोबांना कधी विचारलं नाही.

मुलाला जोसेफ फॉसेटची गोष्ट सांगा. माँटिसेलोचा लोहार. जेफरसन ४ जुलै १८२६ ला गेला. मृत्युपत्रानं पाच जणांना मुक्ती दिली, त्यात जोसेफ होता. पण त्याची सुटका वर्षभरानं व्हायची होती. त्याआधीच, जानेवारी १८२७ मध्ये, कर्ज फेडायला माणसांचा लिलाव निघाला. जोसेफची बायको ईडिथ, जिच्या हातचं जेफरसन वर्षानुवर्षं जेवला, ती आणि तिची मुलं त्यात विकली गेली. पुढं जोसेफनं लोहारकामावर पैसा जोडून तिला आणि काही मुलांना सोडवलं. सगळ्यांना नाही.

भाषण पाच मिनिटांचं असेल, तर दीड मिनिट जोसेफला द्या. आणि ईडिथचं नाव घाईत गिळू नको म्हणावं.