दहाव्या दिवशीचा निगेटिव्ह धरू नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाच आठवड्यांपूर्वी एकदा कंडोमशिवाय संबंध आला, दहाव्या दिवशी खासगी लॅबमध्ये एचआयव्ही तपासली, निगेटिव्ह आली. लग्न दोन महिन्यांवर आहे. आता आणखी काही करायला हवं का, आणि सिव्हिलमध्ये गेलो तर कुणी ओळखेल का?

करायला हवं. दहाव्या दिवशीचा रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच बोलत नाही, त्याआधीच्या दिवसांबद्दल बोलतो. बोटातून थेंब घेऊन करतात ती रॅपिड टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती द्रव्यं, शोधते, आणि त्या अंगात तयार व्हायला २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतून रक्त घेऊन करतात ती 'फोर्थ जनरेशन' टेस्ट विषाणूचा स्वतःचा एक भागही शोधते, म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत बोलते. तुमचे आता ३५ झालेत. म्हणजे आणखी दहा दिवसांनी फोर्थ जनरेशन करा, आणि तीन महिने भरले की शेवटची एकदा. हिशोब केला तर ते तीन महिने लग्नाच्या चार-पाच दिवस आधी भरतात, ऐन हळदीच्या धांदलीत. तारीख आत्ताच लिहून ठेवा.

मी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तीसेक वर्षं काढली. २००८ मध्ये कामावर पेशंटच्या रक्ताची सुई टोचली तेव्हा मी स्वतः ही वाट पाहिली आहे. एचआयव्हीची लागण टाळायच्या २८ दिवस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ मळमळ, मग सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशा तपासण्या. दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट रोज लिहिणारा माणूस स्वतःच्या ट्यूबकडे बघायला धजत नव्हता. त्यामुळे 'घाबरू नका' असं मी म्हणणार नाही. (तुमच्यासाठी त्या गोळ्यांची वेळ गेली. पण वाचणाऱ्या इतरांसाठी: त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं.)

आता लोक विसरतात ती गोष्ट. सगळं लक्ष एचआयव्हीकडे, आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, राहून जाते. तिची जखम बहुतेक वेळा दुखत नाही, आपोआप भरते, आणि माणूस सुटलो म्हणतो. तिच्यासाठी व्हीडीआरएल ही रक्ताची टेस्ट करा. आम्ही काचेच्या स्लाइडवर सीरमचा थेंब घ्यायचो, त्यात अँटिजेन टाकून चार मिनिटं फिरवायचो आणि मायक्रोस्कोपखाली बघायचो. गुठळ्या दिसल्या की रिॲक्टिव्ह, म्हणजे गरमीचा संशय. पण ही टेस्ट थोडी भोळी आहे. मलेरियात, गरोदरपणात, कधी दुसऱ्याच आजारात ती उगाच रिॲक्टिव्ह येते. म्हणून रिपोर्टवर '१:२' असा छोटा आकडा आला तर रात्र जागून काढू नका, खात्रीसाठी टीपीएचए ही गरमीची दुसरी टेस्ट करून घ्या. उलट, टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की उपचार होऊनही बहुतेकांत आयुष्यभर तशीच राहते. बरं झाल्याचं कळतं ते व्हीडीआरएलचा आकडा उतरण्यावरून. आणि लवकर सापडली तर सहसा पेनिसिलिनच्या एका डोसात भागतं. इंजेक्शन मात्र कमरेखाली देतात आणि ते दुखतं, हे आधीच सांगतो. व्हीडीआरएलही तीन महिन्यांनी परत करायची.

सोबत कावीळ बी आणि सी. बी साठी एचबीएसएजी लिहून घ्या. ती निगेटिव्ह आली तर तीन डोसांची लस घेऊन टाका. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया हे लैंगिक आजार रक्तात शोधत नाहीत, त्यासाठी लघवी किंवा स्वॅब लागतो. जळजळ, पू असं काही असेल तर 'संपूर्ण पॅकेज'चे पैसे भरण्याआधी डॉक्टरला दाखवा.

एक कळकळीचं: फुकटात कळेल म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. तिथेही रक्त तपासतात, पण मधल्या काळातलं रक्त निगेटिव्ह दिसून कुणाच्या तरी अंगात जाऊ शकतं.

आता ओळखीची भीती. सिव्हिलमध्ये, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही, आयसीटीसी नावाची खोली असते. एचआयव्ही तपासणी तिथे मोफत. उपाशी जायला नको. आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, मगच रक्त. लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, व्हीडीआरएलचं तिथे विचारा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि तुमची स्थिती कुणाला सांगताही येत नाही. आधी फोनवरच बोलायचं असेल तर १०९७, हाही मोफत. आमच्याकडे एक जण हेल्मेट घालून रक्त द्यायला बसला होता. काच खाली. बाहेरच्या बाकावरचे सगळे त्याच्याकडेच बघत होते. साध्या चेहऱ्याने आला असता तर कुणी मान वर केली नसती. त्या बाकावर गरोदर बायका असतात, टीबीचे पेशंट असतात. कोण कशाला आलंय हे बघून कळत नाही.

पण गावातच नको वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा, चालतं. तीन महिने भरेपर्यंत कुणाशी संबंध आलाच तर कंडोम.

आणि खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर मोबाइल नंबर स्वतःचाच दिलाय ना, हे काउंटरवर वाचून घ्या. आईच्या शुगरसाठी जिथे नेहमी रक्त जातं, तिथे सगळ्या घराचा मिळून एकच नंबर लिहिलेला असतो, आणि रिपोर्ट त्याच नंबरवर येतो.