२४पी कॅमकॉर्डरवर शूट केलेलं फुटेज एडिट करायला कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावसभावाने अमेरिकेहून आणलेल्या टेपच्या कॅमकॉर्डरवर, २४पी मोडमध्ये (म्हणजे सेकंदाला २४ पूर्ण फ्रेम), तुम्ही आजोबांचा सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमाग आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची (उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक शूट केलीत. कॉम्प्युटरवर घेतल्यावर हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना रेघा येतात आणि चित्र अडखळतं. आता सोलापुरात एडिटिंग कुठे आणि कसं शिकावं?

मी इथेच लग्नाचं आणि छोट्या माहितीपटांचं एडिटिंग करतो. माझं मत विचाराल तर क्लास आत्ताच लावू नका. आधी आपल्या टेपवर नक्की काय उतरलंय ते एकेक फ्रेम सरकवून बघायला शिका. बहुतेक जण फुटेज थेट टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या तुकडे मांडायच्या पट्टीवर, टाकून कापायला लागतात आणि मग रेघा घालवण्यासाठी फिल्टरवर फिल्टर चढवत बसतात. तुमच्या फुटेजला रेघा पुसणाऱ्या तसल्या फिल्टरची गरजच नाही.

मिरवणुकीचा असा तुकडा घ्या, ज्यात नंदीध्वजाची काठी आडवी झुलत जाते. प्लेअर थांबवा आणि की-बोर्डवरच्या बाणाने एक-एक फ्रेम पुढे जा. दोन फ्रेम स्वच्छ दिसतील. पुढच्या दोन फ्रेममध्ये काठीच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतील, बाराबंदी घातलेल्या माणसांच्या खांद्यांनाही. पाचवी पुन्हा स्वच्छ. पुढे हाच क्रम चालू. कारण असं की अमेरिकन कॅमेऱ्याची टेप सेकंदाला ६० फील्डच्या (एक फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र) हिशोबाने चालते आणि त्यात २४ फ्रेम बसवायच्या असतात. म्हणून कॅमेरा पहिल्या फ्रेमची दोन फील्ड लिहितो, दुसरीची तीन, तिसरीची पुन्हा दोन, चौथीची तीन. चार फ्रेमची दहा फील्ड होतात, म्हणजे टेपवरच्या पाच फ्रेम. त्यातल्या दोनमध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं एकत्र येतात. याला पुलडाउन म्हणतात. कॅमेरा बिघडलेला नाही आणि तुमच्या मूळच्या २४ फ्रेम टेपवर पूर्णपणे शाबूत आहेत.

२००२ साली आलेल्या पॅनासोनिक डीव्हीएक्स१०० ने २४पी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. त्यात अॅडव्हान्स्ड नावाचा दुसरा मोडही होता. त्याचा क्रम दोन-तीन-तीन-दोन असतो, त्यामुळे पाचपैकी एकाच फ्रेमला दात येतात आणि ती काढून टाकली की काम झालं. तुमच्या पाच फ्रेममध्ये दातांची एकच दिसली तर हा मोड समजा. दोन दिसल्या तर साधा पुलडाउन.

हा पुलडाउन एडिटिंगच्या आधीच काढा. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये इंटरप्रेट फुटेजच्या खिडकीत पुलडाउन ओळखायचं बटण आहे. पैसे खर्च करायचे नसतील तर एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातला फील्डमॅच हा फिल्टर जुळणारी फील्ड एकत्र आणतो आणि डेसिमेट दर पाचातली एक जादा फ्रेम गाळतो. डीइंटरलेस (दोन फील्ड मिसळून किंवा एक टाकून रेघा घालवणं) मात्र करू नका. रेघा जातील, पण चित्राची धार जाईल आणि अडखळणं तसंच राहील. आधी कापून नंतर पुलडाउन काढायचा प्रयत्नही नको, कारण प्रत्येक कटपाशी तो पाचाचा क्रम तुटतो.

टेप कॉम्प्युटरवर फायरवायरनेच (कॅमेऱ्याच्या डिजिटल केबलने) घ्या. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने घेतलीत तर पुढचं सगळं अवघड होतं. तासाच्या मिनीडीव्ही टेपला सुमारे १३ जीबी जागा धरा.

स्वच्छ झालेल्या फाइलसाठी टाइमलाइन २३.९७६ ची ठेवा. पूर्ण २४ ची नको, कारण अमेरिकन कॅमकॉर्डर २४पी म्हणतो तेव्हा त्याचा खरा वेग २३.९७६ असतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर एवढ्याशा फरकाने तासाभरात ओठ आणि आवाज साडेतीन सेकंदांपेक्षा जास्त लांब जातात.

आता मागाचं. कारखान्यात ट्यूबलाइट असतील तर भिंतीवर उजेड हळूहळू धडधडताना दिसेल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि १/४८ शटर (प्रत्येक फ्रेम सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडी) त्याच्याशी जुळत नाही. पुढच्या वेळी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. शूट झालेल्यात मात्र दारातून किंवा खिडकीतून उजेड येतोय ते शॉट निवडा, बाकीच्यांचा मोह सोडा.

कटिंग शिकायला मागाइतकं चांगलं साहित्य नाही, हे मी मनापासून सांगतो. दोनच मिनिटं फुटेज घ्या. धोटा (शटल) मोजक्या फ्रेममध्ये या टोकाचा त्या टोकाला जातो, त्या फ्रेम मोजा. तो पोचल्यावर कापून बघा, मग मध्येच असताना कापून बघा. फरक अंगाला कळतो. नंतर चित्राच्या आधी मागाचा आवाज सुरू करा, आजोबांचा चेहरा मागाहून येऊ द्या. त्यांचे हात सूत जोडत असतील तर तो शॉट पुरा चालू द्या. तिथे कापायची घाई करणारा एडिटर मला आवडत नाही.

मिरवणुकीत कॅमेरा भरभर फिरवला असेल तर तिथलं अडखळणं पुलडाउन काढूनही राहील. २४ फ्रेमचा तो स्वभावच आहे. असे शॉट फिरायच्या आधी किंवा स्थिरावल्यावर वापरा. मोबाइलचं ३० फ्रेमचं फुटेज मध्ये घातलंत तर तेही झटके देईल. ६० चं असेल तर ४० टक्के वेगाने चालवा, सुरेख स्लो मोशन मिळेल.

यूट्यूबला फाइल २३.९७६ मध्येच टाका. स्थानिक केबलवाल्याला २५ ची हवी असेल तर वेग वाढवून द्या. तासाचा कार्यक्रम साडेसत्तावन्न मिनिटांचा होतो आणि सूर किंचित चढतो. सनई असेल तर ते कानाला जाणवतं, म्हणून पिच कायम ठेवायचा पर्याय चालू करा.

एवढं हाताखालून गेलं की शिकायला एखाद्या मिक्सिंगवाल्याकडे, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याकडे, बसा. लग्नसराई संपल्यावर विचारा, तेव्हा त्यांच्याकडे वेळ असतो आणि बहुतेक जण आनंदाने शिकवतात. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरेशी आहे. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि त्या पाच फ्रेमचे स्क्रीनशॉट इथे टाकलेत, तर तुमच्या टेपवर कोणता मोड आहे ते बघून सांगतो.