'लेन्सची लांबी' आणि 'क्षेत्राची खोली'

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: मुलगी फोटोग्राफी शिकते. तिच्याशी मराठीत बोलताना मी फोकल लेंथला 'लेन्सची लांबी' आणि डेप्थ ऑफ फील्डला 'क्षेत्राची खोली' म्हणते. चालेल का?

ताई, 'लेन्सची लांबी' कृपया सोडून द्या. १८ मिमी फोकल लेंथच्या लेन्सला पट्टी लावली तर ती सहज सहा-सात सेंटिमीटर भरते. उलट ३०० मिमीच्या कितीतरी टेलिफोटो लेन्स ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड असतात. तो आकडा नळीचा नाहीच. दुरून आलेले समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात ती नाभी, आणि भिंगापासून तिथपर्यंतचं ते नाभीय अंतर. (लेन्समध्ये भिंगं अनेक, म्हणून ते एका कल्पित प्रतलापासून मोजतात.) महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकांत हाच शब्द आहे. आपल्या इंदूरकडची मुलं हिंदीतून 'फोकस दूरी' शिकतात, त्यांना नाभी म्हणजे फक्त बेंबी वाटते. संस्कृतात चाकाचा तुंबाही नाभीच, जिथे सगळे आरे येऊन मिळतात. एवढं सांगितलं की मुलीला शब्द पटेल.

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे फोटोत जवळपासून दूरपर्यंत जेवढा भाग स्पष्ट येतो तो. 'क्षेत्राची खोली' मात्र हा अर्थच बिघडवते. खोली एका काठापासून आत मोजतात. इथे तसं नाही. राजवाड्यासमोर कुणाला दोन मीटरवर उभं करा. फुल फ्रेम (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स असेल तर एफ/२ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, जेमतेम २० सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. एफ/११ला, म्हणजे छिद्र लहान करून, तोच मीटरभराहून थोडा जास्त होतो: माणसाच्या पुढे साधारण ४० सेंटिमीटर, मागे ७०. स्पष्टता दोन्हीकडे पसरते, तीही असमान.

म्हणून मला 'स्पष्टतेचा पट्टा' योग्य वाटतो. 'कमी दाबाचा पट्टा' आपण बातम्यांत ऐकतोच. पट्ट्याला दोन कडा असतात, आणि वाक्यंही सहज होतात: छिद्र लहान केलं की पट्टा रुंदावतो, माणसाच्या जवळ गेलं की अरुंद होतो. काही जण 'पल्ला' सुचवतात. पण पल्ला तोफेपासून मोजायचा, आणि इंदुरी कानाला तो आधी साडीचा पदर वाटतो.

स्टुडिओत सगळे 'डेप्थ कमी आहे' म्हणतात, मुलीनेही तिथे तेच म्हणावं.