आय-ट्वेंटी एन लाइन घेऊ का?

आधी एक गैरसमज दूर करतो. एन लाइन ही ह्युंदाई आय-ट्वेंटीची स्पोर्टी आवृत्ती, पण युरोपात विकली गेलेली २०४ पीएस ताकदीची आय-ट्वेंटी एन नव्हे. आपल्याकडच्या गाडीत एक लिटरचं टर्बो इंजिन आहे, १२० पीएस ताकदीचं आणि १७२ एनएम टॉर्कचं (टॉर्क म्हणजे खेचण्याचा जोर). साध्या मॅन्युअल आय-ट्वेंटीला ८३ पीएस मिळतात. २०२३च्या फेसलिफ्टनंतर टर्बो फक्त एन लाइनमध्येच उरलं, त्यामुळे जास्तीचे पैसे नुसत्या लाल पट्ट्यांचे नाहीत. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, सस्पेन्शनही जरा कडक.

फरक कळतो तो ताम्हिणी घाटात. पूर्ण टॉर्क इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, १,५०० आरपीएमपासूनच मिळतो. चार माणसं, एसी चालू, समोर चढ, तरी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी खेचत राहते. ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागत नाही. माझ्यासाठी तेवढ्यावरच पैसे वसूल!

पण तुझं रोजचं काम कोथरूड ते हिंजवडी असेल आणि घाट वर्षातून एखाददा, तर साधी घे. रांगत्या ट्रॅफिकमध्ये टर्बो पेट्रोल पितं आणि खड्डे पाठीला कळतात.

साधी घेऊन बाहेरून ट्यूनिंग करायचा विचार मात्र सोडून दे. वॉरंटी धोक्यात येते, विम्याच्या क्लेमलाही अडचण.

टेस्ट ड्राइव्हला आई-बाबांना मागे बसव आणि मुद्दाम खराब रस्त्याने ने. बुकिंगचं त्यानंतर बघ.